रांजण गप्प होईपर्यंत

गल्लीत तिला सगळे आंबटवाली म्हणत, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. भाज्या मीठपाण्यात आंबवून विकणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? पण हे नाव तुझ्या चेहऱ्यावरून पडलंय असं कोणी म्हणालंच, तर ती त्याच्या वाडग्यातल्या दोन काकड्या उचलून परत पिंपात टाकायची आणि म्हणायची, "हे चेहरा बघण्याचं भाडं." गिऱ्हाईक हसायचं, ती हसायची नाही, आणि काकड्या काही परत मिळायच्या नाहीत.

घर कसलं, कारखानाच तो. रस्त्याच्या बाजूला दुकानाची खोली, मागे भाजी धुण्या-चिरण्याचं अंगण, मधल्या खोलीत सासूची खाट, आणि तिथूनच खाली उतरणारा दगडी जिना. खाली तळघर. तिथे ऐन उन्हाळ्यातसुद्धा अंगावर काटा येईल असा गारवा, आणि भिंतीला लागून रांजण. प्रत्येक रांजणाच्या गळ्याभोवती बोटभर खोल खाच होती. तिच्यात पाणी भरायचं आणि झाकण त्या पाण्यात बसवायचं, म्हणजे बाहेरची हवा आत जात नाही. आतला वायू मात्र झाकणाखालून वाट काढत पाण्यातून बाहेर पडतो आणि पडताना आवाज करतो, बुडुक. नवा रांजण सुरुवातीला भलता वाचाळ असतो. मग पोक्त होतो, अधूनमधून बोलतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत गप्प होतो. गप्प झाला की समजायचं, भाजी मुरली.

या घराचा एक नियम होता. ज्याच्या हाताने मीठ पडलं, त्यानेच झाकण उघडायचं. खाचेतलं पाणी आटलं तर कोणीही भरावं, पण दुसऱ्याच्या झाकणाला हात लावायचा नाही. असं का, हे कोणाला विचारलं तर आधी तो खाकरायचा आणि मग विषय बदलायचा. आणखी एक समजूत होती. रांजण बोलतोय तोवर त्यात मीठ घालणारा हात सुखरूप असतो म्हणे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हे ऐकून तिला हसू फुटलं होतं. सासूने डोळे वटारले, तेव्हा तिने ते गिळलं. पुढे तीच कधी भाजी घेऊन दोन दिवस परगावी गेली, की आल्याबरोबर सासू सांगायची, "तुझा रांजण छान बोलत होता गं." आणि तिला बरं वाटायचं. माणूस असाच हळूहळू घरातला होतो.

नवरा अघळपघळ माणूस. रांजणाच्या पोटावर थाप मारून त्याच्याशी गप्पा मारायचा. मीठ त्याने जन्मात कधी तागडीत घातलं नाही, मूठच त्याची तागडी. पाणी चढलं की नदीवर जायचं नाही एवढी अक्कल त्याला होती, आणि त्या दिवशीही होती. "उद्या बघू," तो म्हणाला होता. पण पलीकडच्या तीरावरच्या खानावळीची पिंपं भरून दारात उभी होती, आणि येता-जाता तिच्याच पायाला ठेच लागत होती. "उद्या, उद्या काय करताय," ती म्हणाली, "एकदाचं टाकून या ना, सुटेन मी." तो होडी घेऊन गेला. होडी खालच्या वळणावर उलटी सापडली. पिंपं सापडली, त्यांची झाकणंसुद्धा निघाली नव्हती. तो सापडला नाही.

गल्लीतले लोक बांबू घेऊन नदीचं पात्र धुंडाळत होते, आणि तळघरात कोबीचा मोठा रांजण धडधडून बोलत होता. त्याच आठवड्यात नवऱ्याने तो भरला होता. सासू नदीवरून चिखलाने माखून यायची ती थेट खाली जायची आणि वर येऊन म्हणायची, "बोलतोय." एवढंच. सुनेलाही तेवढ्याने धीर यायचा. त्या फेऱ्यांनी म्हातारीचे गुडघे कायमचे गेले. तिने तळघरात उतरणं सोडलं आणि खाट सरकवून बरोबर त्या रांजणाच्या डोक्यावर घेतली. खालचा आवाज जमिनीच्या फळ्यांतून वर यायचा.

मग जे व्हायचं तेच झालं. रांजण पोक्त झाला. बुडबुडा येऊन गेला की पुढचा केव्हा येतो याची दोघी वाट बघायच्या. म्हातारी घास हातात धरून थांबायची. एके दिवशी तो बोललाच नाही. सुनेने खाली जाऊन पाहिलं, पाणी नीट होतं, झाकण नीट होतं. वर आली तेव्हा सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन वेळचं जेवण तसंच परत गेलं.

समोरच औषधाचं दुकान होतं. औषधवाला विधुर, डोक्यावर केस बेताचे, खिशाला दोन पेनं. लोकांना पोटाची औषधं विकायचा आणि स्वतःच्या पोटासाठी रोज सकाळी हिच्याकडून वाटीभर आंबट पाणी घेऊन प्यायचा. गल्लीने त्यावरून त्याची हवी तेवढी चेष्टा करून घेतली होती. त्याला तिने सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"वहिनी, यात भिण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "पानांवर, हातांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू. मिठात बाकीचे मरतात, हे तगतात. भाजीतली साखर खातात आणि आंबटपणा सोडतात. त्यांच्यातले काही वायूही सोडतात, तोच तुमचा बुडुक. खायला संपलं की आवाज थांबतो. माणसाच्या जगण्या-मरण्याशी त्याचा काही संबंध नाही."

"हातांवरचे म्हणजे, मीठ घालणाऱ्याच्या?"

"असतील थोडे. बहुतेक पानांवरचेच."

"खायला संपलं की मरतात?"

"लगेच कसे मरतील? उपाशी पडून राहतात बरेच दिवस."

रात्रीच्या जेवणाला तिने हे सासूला सांगितलं. समजूत काढायची होती, म्हणून जेवढं समजूत काढणारं होतं तेवढंच सांगितलं. "आई, रांजण गप्प झाला म्हणजे तसलं काही नसतं. ह्यांच्या हातावरचं आत काहीतरी जिवंत असतं म्हणे, ते साखर खातं. साखर संपली, म्हणून गप्प बसलंय." बहुतेक पानांवरचे, हे ती गाळून गेली. म्हातारी ऐकत होती. मग तिने ताट ओढून घेतलं आणि जेवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सून हातगाडी घेऊन परत आली, तेव्हा रांजण बोलत होता.

आधी तिला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. ती तशीच घामाघूम खाली उतरली, रांजणाशेजारी फरशीवर बसली आणि प्रत्येक बुडबुड्याला मान डोलावत राहिली. हवा बदलली की जुना रांजणसुद्धा एखादा सुस्कारा टाकतो हे तिला माहीत होतं. पण हा सुस्कारा नव्हता. दिवस गेले, आठवडे गेले, शेजारचे तिने स्वतः भरलेले रांजण मुरले, उघडले, विकून रिकामे झाले. हा बोलतच होता. तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. धंद्यातल्या बाईला ठाऊक असतं की असं होत नाही. आणि जे होत नाही ते आपल्याच पायांखाली होत असलं, की घरात वावरताना पाऊल जपून पडायला लागतं.

त्याच सुमाराला औषधवाल्याने तिला वहिनी म्हणणं सोडलं. आधी नुसतं "अहो" म्हणायला लागला, मग तेही जमेना, म्हणून काहीच न म्हणता बोलायला लागला. ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. एका सकाळी वाटी परत करताना त्याने सरळ विचारलं, मान खाली घालून, पण सरळ. होडी उलटून वर्ष व्हायला आलं होतं. त्याचं घर रिकामं होतं, तो म्हणाला, आणि सासूबाईंनाही तो टाकून देणार नव्हता, रस्ता ओलांडायचा तर प्रश्न.

तिला नाही म्हणायचं नव्हतं. हे तिचं तिलाच नवं होतं. वाटी पुसत पुसत ती म्हणाली, "ह्यांचा रांजण अजून बोलतोय. तो गप्प होऊ दे, मग सांगते."

"हरकत नाही," तो म्हणाला. "फार दिवस नाही चालायचं ते."

मधल्या खोलीचा पडदा हलला होता का, हे तिने पाहिलं नाही. तिचं लक्ष आपल्या तापलेल्या कानांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ती अंगणातून चिरलेला कोबी घेऊन खाली गेली तेव्हा रांजण असा उसळत होता की खाचेतलं पाणी जमिनीवर सांडलं होतं. तिला वाटलं, ह्यांनी ऐकलं.

आणि मग ते तसंच होत राहिलं. औषधवाला येऊन दोन शब्द जास्त बोलून गेला, की एक-दोन दिवसांत रांजण खवळायचा. त्याने तिला एकदा हाताला लावायचं मलम आणून दिलं, तेव्हा खवळला. तो आजारी पडून आठवडाभर आला नाही, तेव्हा थंडावला. हा हिशेब तिने मुद्दाम मांडला नव्हता, तो आपोआप मांडला गेला. नवरा नदीत असो की आणखी कुठे, त्याला सगळं दिसत होतं. जिने त्याला पाण्यावर धाडलं, ती आता समोरच्या दुकानाकडे बघत केस विंचरत होती, हेही दिसत होतं. काम करताना तिला पाठीमागे ओल्या कपड्यांचा वास यायचा. तळघरात कपडे नव्हते, ओल तर बाराही महिने होती. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळूनही मान वळवायची तिची छाती व्हायची नाही.

मलम तिने परत केलं. केस विंचरणं कामापुरतं ठेवलं. ती खंगत चालली होती आणि गल्ली आपली म्हणत होती, आंबटवाली आता खरीच आंबट दिसायला लागली. लोकांना काय, जीभ दिली आहे ती चालवायची.

एका संध्याकाळी दुकान आवरून ती खाली गेली. कोबी दडपायचा लाकडी दांडा कोपऱ्यात उभा होता. तो तिने दोन्ही हातांनी उचलला. एक घाव घातला असता तर रांजणाचे तुकडे झाले असते आणि काय तो सोक्षमोक्ष लागला असता. "मी मुद्दाम नाही पाठवलं हो तुम्हाला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पाय ठेचत होता म्हणून बोलले. सोडा ना आता मला."

बुडुक, रांजण म्हणाला.

तिने दांडा जागच्या जागी ठेवला. तो दोनदा घसरून पडला. वरून सासूने विचारलं, "काय पडलं गं?" "काही नाही आई," ती म्हणाली, आणि जिना चढण्याआधी तोंड धुऊन घेतलं.

औषधवाल्याने धीर धरला, पण त्याला बहीण होती, आणि बहिणींना धीर नसतो. तिने भावासाठी दुसरं एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि थंडी सरता सरता ती पक्कं करायला येणार होती. त्याने हे लपवलं नाही. "मला ते नको आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही नाहीच म्हणणार असाल, तर मी तरी किती दिवस रस्त्याच्या अलीकडे उभा राहू?"

"रांजण गप्प होत नाही तर मी काय करू?"

"मला एकदा ऐकू दे."

ती त्याला खाली घेऊन गेली. तो रांजणापाशी वाकून उभा राहिला. खूप वेळ ऐकलं, झाकणाशी नाक नेऊन हुंगलं. "साखर घालतंय कोणीतरी यात," तो म्हणाला.

तिला असा राग आला की तिची भीतीच क्षणभर पळाली. "आमच्या घरात दुसऱ्याच्या झाकणाला कोणी हात लावत नाही. आणि घरात आहे कोण? मी, आणि जिना न उतरू शकणारी म्हातारी. म्हणजे मीच घालते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

तो जिना चढून गेला. त्याचं बरोबर होतं. पण आपल्या माणसावर संशय घेण्यापेक्षा भुतावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं. तुम्हा-आम्हालाही कदाचित तेच सोपं गेलं असतं.

बहीण येण्याच्या आदल्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, हातगाडीचं चाक चौकातच निखळलं. माल शेजारच्या फळवाल्याच्या ओट्यावर ठेवून ती हातोडी न्यायला घरी आली, मागच्या दाराने, अंगणातून. मधल्या खोलीतली खाट रिकामी होती. मग खालून आवाज आला. बुडबुड्याचा नाही, माणसाचा.

"खा रे. सावकाश खा. कोणी नाही घेत तुझं."

ती जिन्यात वाकली. खालच्या झरोक्यातून दिवसाचा उजेड येत होता. म्हातारी रांजणाला टेकून फरशीवर बसली होती, धुळीने कपड्यांची मागची बाजू पांढरी झालेली. एकेक पायरी बसून बसून, घसरत खाली आली होती ती. झाकण तिच्या मांडीवर होतं. शेजारी साखरेचा डबा. ती चमच्याने साखर घालत होती, थोडी थोडी, आणि दर चमच्यानंतर थांबत होती, आतल्याने गिळावं म्हणून.

सून जिन्यातच खाली बसली. सासूने वर पाहिलं. पकडली गेल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती नुसती दमलेली दिसत होती.

"आई, तुम्ही?"

"तूच म्हणालीस ना, त्याच्या हातावरचं काहीतरी आत जिवंत आहे. साखर संपली म्हणालीस. मग मी कसं ठेवू उपाशी?"

इतके महिने जो आवाज तिने नवऱ्याचा राग म्हणून ऐकला होता, ते त्याचं जेवण होतं. तिला हसू येतंय की रडू हे तिला कळेना. मग रडू आलं. नदीवर आलं नव्हतं, लोक भेटायला आले तेव्हा आलं नव्हतं, ते तिथे त्या पायरीवर आलं आणि थांबेना. म्हातारी तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती. तिने लांबूनच हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. सून एकेक पायरी बसून बसून खाली गेली आणि तो हात धरला.

"तो औषधवाला आला की मला धसका बसायचा," सासू म्हणाली. "वाटायचं, आता ही जाईल. मग हा गप्प झाला तर त्याचं नाव घ्यायला कोण राहील? म्हणून त्या दिवशी जरा जास्त घालायची."

"मला वाटायचं, ते रागावलेत माझ्यावर. मीच त्यांना पाठवलं, आई. पाय ठेचत होता म्हणून."

"माहीत आहे मला. ऐकत होते मी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू नसतं म्हटलंस तरी दुसऱ्या दिवशी गेलाच असता. पाणी तर आठवडाभर उतरलं नव्हतं." हे खरं होतं की खोटं, म्हातारीलाच माहीत. पण ती ते अशा सरळ आवाजात म्हणाली की सुनेने ते घेतलं आणि छातीशी ठेवलं.

मग सून म्हणाली, "आई, ते गेले."

या घरात हे कोणी बोललं नव्हतं. सासू रांजणाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. "गेला ते मला होडी बघितली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "पण मूल गेलं हे कळलं, तरी त्याला भूक लागली असेल असं वाटायचं थांबत नाही गं. ते कसं थांबवायचं, ते मला कोणी सांगितलं नाही."

डब्यात तळाला थोडी साखर उरली होती. सून म्हणाली, "एवढी संपवू. मग नाही घालायची." सासूने चमचा तिच्या हातात दिला. दुसऱ्याच्या रांजणात तिने जन्मात पहिल्यांदा हात घातला. दोघींनी मिळून झाकण बसवलं, खाचेत पाणी भरलं. चौकात फळवाला तिची वाट बघून शेवटी तिचा माल स्वतःच विकायला लागला होता. त्याने बऱ्यापैकी विकला, हेही सांगायला हवं.

त्या दिवसापासून दुपारी दुकान मिटलं की सून सासूला कमरेला धरून खाली न्यायची. रांजणाशेजारी एक गादी आणि एक पाट टाकून ठेवला. दोघी बसायच्या. पहिल्या दिवशी रांजण जोरात होता. मग आवाज विरळ होत गेले. मधल्या वेळात सासू बोलायची, तो लहानपणी कोबीच्या गड्ड्यांवर चढून बसायचा, पोहायला शिकवलं तेव्हा कसा ओरडायचा. सून तिला माहीत नसलेलं काही सांगायची, लग्नानंतर महिनाभर तो झोपेत मिठाच्या मुठी मोजायचा ते. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसं ते बसणं होतं. नदीने त्यांना तसं बसू दिलं नव्हतं. एकदा दोघी हसल्यासुद्धा, आणि हसता हसता बुडुक झालं तेव्हा गप्प झाल्या. भीती सगळीच गेली होती असं नाही. ओल्या कपड्यांचा वास अजून यायचा. फक्त आता ती मान वळवून बघायची, आणि तिथे भिंत असायची.

औषधवाल्याकडे ती त्या दिवसांत गेली नाही. त्याची बहीण आली, दोन दिवस राहिली आणि तोंड फुगवून परत गेली, हे तिला गिऱ्हाइकांकडून कळलं. तिने गिऱ्हाइकाला एक काकडी जास्त दिली. ते चकित झालं.

शेवटचा बुडबुडा कोणता, हे त्यांना त्या वेळी कळलंच नाही. एक आला, नेहमीसारखा, जरा बारीक. सासू कोबीच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होती. ती पुढच्याची वाट बघत सांगत राहिली, मग सांगायचं थांबली, मग दोघी नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या. तिसऱ्या दिवशीही बसल्या. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं. खाचेतल्या पाण्यावर धुळीचा पातळ थर धरला आणि तो तसाच राहिला.

सासूने झाकण काढलं. आत भाजी म्हणावी असं काही उरलं नव्हतं, साखरेने सगळ्याचा लगदा करून टाकला होता. म्हातारीने तरी हात घातला, चिमूटभर काढून जिभेवर ठेवलं, आणि तोंड वाकडं न करता गिळलं. सून बघत होती. तिलाही थोडं दिलं. मग सासूने कपड्याला हात पुसले.

"जा आता," ती म्हणाली. "दुकान बंद करायची वेळ झाली असेल त्याची."

"तुम्हाला आधी वर नेते."

"मी बसते इथे थोडी. तू सांगून ये त्याला. आणि परत ये, मला वर कोण नेणार?"

सून उठली. पायऱ्या चढायला लागली. अर्ध्यावर आली आणि तिचे पाय आपोआप थांबले. इतके महिने ज्या आवाजाने तिला जगू दिलं नव्हतं, त्याच्यासाठी तिने कान दिला. श्वास रोखून, भिंतीला हात लावून, खूप वेळ उभी राहिली. एकदाच ऐकू यावा, एवढंच तिला वाटत होतं. खाली म्हातारी रांजणाला टेकून बसली होती आणि तीही ऐकत होती.